मोराची पुडी

जेलरोडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये गुलाबांना परदेशी तंबाखू पाजणारा एक माणूस राहत होता. थट्टा नाही करत. मुलगा मस्कतहून पाईपचा भारीतला तंबाखू आणायचा आणि हे गृहस्थ तो बादलीत भिजत घालून गाळलेलं पाणी कुंड्यांवर शिंपडायचे. मावा मरतो म्हणे. स्वतःच्या पाईपात मात्र कोपऱ्यावरच्या टपरीत मिळणारी सगळ्यात स्वस्त पुडी. तिच्यावर मोराचं चित्र होतं. छपाई अशी दिव्य, की माझी पोरं तिला कोंबडीची पुडी म्हणायची.

हे आमचे नाना खैरनार. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाईनपाशी उभी हयात काढून रिटायर झालेले. त्या घरघरीनं कान पार कामातून गेलेले, त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही भाषणासारखं. मूळचे सटाण्याकडचे. एरवी बोलायचे तुमच्याआमच्यासारखंच, पण तंबाखूचा विषय निघाला की गाव जिभेवर यायचं. "आपली पुडी म्हंजे पुडी शे!" हे वाक्य तळमजल्यावर झोपलेल्या कुत्र्यालाही पाठ झालं असेल.

मला त्या पुडीचा भयंकर राग. आमची गॅलरी त्यांच्या गॅलरीला चिकटून. मी धुतलेल्या साड्या दोरीवर टाकायला आणि नानांनी पाईप पेटवायला एकच गाठ. ऑफिसात शेजारची बाई नाक वर करून विचारायची, "काय गं, घरी काही करपलं का?" काय सांगणार? शेजारी करपलं, आणि रोज करपतं!

एकदा मी न राहवून ओरडलेच. हो, ओरडावंच लागायचं.

"नाना, ओढायचंच आहे तर तुमच्या श्रीकांतनं आणलेलं तरी ओढा! त्याचा वास तरी बरा येतो!"

"कसला वास? व्हॅनिलाचा?" नाना खवळले. "सुमनताई, तो तंबाखू शे का आईस्क्रीम शे? पेटवायचं का चमच्यानं खायचं? धूर कसा पाहिजे, ओढला की कळलं पाहिजे आपण धूर ओढला. नाहीतर अगरबत्ती लावून बसा ना देवापुढं!"

आणि वर पुडीची बडदास्त बघावी तर राजेशाही. पुडी आणली की आधी हुंगायची. मग तंबाखू डब्यात ओतून त्यात बटाट्याचा एक काप ठेवायचा, कोरडा पडू नये म्हणून. मग अंगठ्यानं पाईपात दाबताना जीभ बाहेर. त्या वेळी दारात प्रत्यक्ष कलेक्टर आले असते तरी त्यांना ताटकळावं लागलं असतं.

आणखी एक खोड होती. घरातल्या घरात एका खोलीतून दुसरीत जायचं, तरी नाना उंबऱ्यात थांबायचे, एक मोठा झुरका मारायचे, भस्सकन धूर आत सोडायचे आणि मगच पाऊल टाकायचे. मी ते कितीदा बघितलं आणि दर वेळी मनात म्हटलं, काय हा आगाऊपणा! बिचाऱ्या माई कशा सहन करतात!

माई म्हणजे त्यांची बायको. साखरेच्या दुखण्यात त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. पण सांगून खरं वाटलं नसतं कुणाला. भिंतीला हात लावत घरभर फिरायच्या, चहा टाकायच्या, भाजी फोडणीला घालायच्या. मस्कतच्या रिकाम्या डब्यांत त्यांचं तिखट-मीठ भरलेलं. झाकणावरची उठावाची चित्रं बोटानं चाचपायच्या. जहाज लागलं की हळद, मुकुट लागला की धणेपूड. "श्रीकांतचे डबे फार कामाचे गं," असं कौतुकानं सांगायच्या.

डबे कामाचे, तंबाखू गुलाबांना. हेच त्या श्रीकांतला लागलं होतं.

तो दर दिवाळीला यायचा. त्या वर्षी आला, डबा काढून बापापुढे ठेवला आणि बापानं तो न उघडता कुंडीशेजारी सरकवला. आमच्या डोळ्यांदेखत. मी फराळाचं ताट द्यायला गेले होते.

"बाबा, अहो किती मोठ्या दुकानातनं आणतो मी हे," श्रीकांत म्हणाला. "तुम्ही चव तरी घेतली का कधी?"

"काय?"

"चव! तुम्हाला फरक तरी कळतो का? डोळे बांधले तर सांगता येईल?"

झालं. वाघाच्या शेपटीवर पाय! नाना ताडकन उठले. "बांध डोळे!"

पैज ठरली. डोळे बांधून पुडीचा पाईप ओळखायचा. नाना हरले तर पुडी कायमची बंद, श्रीकांत देईल ते ओढायचं. श्रीकांत हरला तर पुन्हा डबा आणायचा नाही. पंच म्हणून नानांनी मलाच पकडलं. "ह्यांना सगळाच तंबाखू नकोसा. ह्यांच्याइतका निःपक्षपाती माणूस नाशकात मिळणार नाही!"

दुपारी गच्चीवर नुसती जत्रा. बिल्डिंगमधले सगळे चिवड्याच्या वाट्या घेऊन हजर. माई तेवढ्या खाली, त्यांना जिना नको वाटायचा. नानांचे तीन पाईप श्रीकांतनं पाठ फिरवून भरले. नानांच्या डोळ्यांवर माझा स्कार्फ बांधला. मनातल्या मनात मी श्रीकांतच्या बाजूनं, हे सांगायला नको. माझ्या साड्यांचं भवितव्य त्या पैजेवर टांगलेलं होतं.

नानांनी पहिला पाईप ओढला. तोंड वाकडं. "श्रीखंड!"

दुसरा ओढला. "बासुंदी!"

आता तिसरा. सगळे श्वास रोखून. नानांनी झुरका घेतला, गालात घोळवला, सोडला. पुन्हा घेतला. कपाळाला आठ्या. लोक कुजबुजायला लागले. श्रीकांत गालातल्या गालात हसतोय. मी म्हटलं, गेली पुडी!

नानांनी पाईप खाली ठेवला, डोळ्यांवरचा स्कार्फ ओढून काढला आणि गच्ची दणाणून टाकली. "हरामखोरा, पुडी कुठंय? ह्यात पुडी नाहीच!"

आणि खरोखरच नव्हती! लबाडानं तिन्ही पाईपांत परदेशीच माल भरला होता. गच्चीवर जो गलका झाला म्हणता! टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी उरलेली फटाक्याची माळ लावली. नाना दोन्ही हात वर करून गच्चीभर फिरले. मोहीम फत्ते करून आल्यासारखे. "आपली पुडी म्हंजे पुडी शे!" आम्ही सगळे त्यांच्यामागे ओरडलो. मीसुद्धा, काय करणार, पंच होते ना.

श्रीकांतही हसला. पण पाईप पुसता पुसता तो बोलला, आणि नेमकं नानांच्या तोंडासमोर उभं राहून बोलला, म्हणजे त्यांना कळलंच. "जिंकलात बाबा. नाही आणणार आता. तसंही माझ्या हातचं तुम्हाला कधी काही चाललंच नाही."

नानांचे वर गेलेले हात खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साड्या टाकायला गॅलरीत गेले तर काय, चक्क व्हॅनिलाचा वास! नाना कुंड्यांपाशी दाराकडे पाठ करून बसलेले, तोंडात पाईप, शेजारी श्रीकांतचा डबा उघडा. जिंकलेला माणूस पोरासाठी हरून बसला होता. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा, पण ओढतोय. श्रीकांत त्यांच्यासमोर कठड्याला टेकून, खूश. मीही खूश.

इतक्यात भिंतीला हात लावत माई नानांचा चहा घेऊन आल्या. उंबऱ्यात थांबल्या. नाक वर करून हुंगलं, आणि घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला.

"कोण आलंय?"

नानांना कुठलं ऐकू यायला! ते पाठमोरे ओढतायत.

"या, बसा ना," माई म्हणाल्या. "हे बाहेर गेलेत वाटतं, येतीलच. हा चहा त्यांचा आहे. तुम्हाला दुसरा टाकते."

श्रीकांत फिदीफिदी हसला. "अगं आई, बाबाच आहेत ते!"

माई हसल्या नाहीत. "हे आहेत? मग सकाळपासून मी शोधतेय, तर कुठल्याच खोलीत हे नाहीत. मला वाटलं, न सांगता गेले कुठे… ह्यांना ऐकू येत नाही रे, मला दिसत नाही. मला वास येतो म्हणून कळतं, आहेत घरात."

श्रीकांतचं हसू जागच्या जागी विरलं. माझ्या हातातली साडी हातातच राहिली. तो उंबऱ्यातला झुरका, तो भस्सकन सोडलेला धूर! आणि मी त्याला आगाऊपणा म्हणत होते.

श्रीकांतचा चेहरा बघून नानांनी मान वळवली. माईंचा डोक्यावरचा पदर दिसला, हातात तसाच धरलेला कप दिसला. पाईप कुंडीत झटकला, खिशातली पुडी काढली, भरली, पेटवली. उठून माईंपाशी गेले आणि अगदी हलकेच, फुंकर घालावी तसा धूर सोडला.

"आलात?" माई म्हणाल्या.

ऐकू आलं नसणारच. पण नाना म्हणाले, "आलो." इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

श्रीकांत चप्पल घालून बाहेर पडला. परत आला तो टपरीवरचं अख्खं खोकं खांद्यावर घेऊन. सगळे मोर, असतील नसतील तेवढे. ते त्यानं बापाच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाला, "हे माझ्या हातचं. चालेल?"

नानांनी एक पुडी काढली, फोडली, हुंगली. मग पोराला मानेला धरून जवळ ओढलं आणि जेलरोडपासून एकलहऱ्यापर्यंत पोचेल अशा आवाजात गरजले, "आपली पुडी म्हंजे पुडी शे!"

माझ्या साड्यांना वास लागला. म्हटलं, लागू दे.