गाडीच्या दम्यावर मोठा इंटरकूलर

वस्तू निवडावी तर मीच. पाण्याच्या टाकीपासून ऑफिसातल्या खुर्च्यांपर्यंत जे जे मी निवडलं, ते आजही जागच्या जागी आहे. टाकी दारातून आत जाईना म्हणून ती व्हरांड्यात आहे, ही गोष्ट वेगळी. त्यामुळे गाडीला मोठा इंटरकूलर बसवायचं मी ठरवलं तेव्हा बायकोने फक्त व्हरांड्याकडे एकदा बघितलं.

गाडीची गरज खरी होती. सासरेबुवा डोंगरावरच्या घरात एकटे राहतात. मागे एकदा ते न्हाणीघरात घसरून पडले आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ताच नव्हता. तेव्हापासून ही त्यांना आमच्याकडे राहायला बोलावत होती आणि ते नकार देत होते. मुलीच्या घरी नुसतं बसून खायला मी येणार नाही, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मग आम्हीच दर आठवड्याला वर जायचो. गाडी टर्बोची, पण वय झालेली. उन्हात चढ लागला की तिला धाप लागायची. शेवटच्या चढावर बायको उतरून चालायला लागायची आणि मी पोचेपर्यंत तिचा वर चहा पिऊन झालेला असायचा.

आता इंटरकूलर म्हणजे काय, ते मी कुणी न विचारताही सांगत असतो. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबली की हवा तापते, आणि तापलेल्या हवेत दम नसतो. ती गार करणारी पत्र्याची जाळी म्हणजे इंटरकूलर. जाळी मोठी तर हवा गार, हवा गार तर गाडी जोरात. इतकं सोपं गणित असताना लोक लहान जाळ्या का बसवतात, असा प्रश्न मला पडला होता. त्याचं उत्तर मला यथावकाश मिळालं.

आमच्या गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून निदान करतो. त्याने मधल्या मापाची जाळी सुचवली. मी सगळ्यात मोठी आणली. ती बंपरच्या आत बसेना, म्हणून बंपर कापला. कापल्यावर हॉर्नला जागा उरली नाही, म्हणून हॉर्न चाकाजवळ गेला आणि बदक ओरडावं तसा वाजू लागला. कापलेला बंपर शेवटी तारेने शिवला. एवढं झाल्यावर कळलं की नवी जाळी रेडिएटरच्या तोंडासमोरच उभी आहे, त्यामुळे त्याला वाराच लागत नाही आणि इंजिन तापतं. यावर डॉक्टरने उपाय सांगितला : चढावर आतला हीटर पूर्ण चालू ठेवायचा, म्हणजे इंजिनची गरमी गाडीत येईल. भर उन्हाळा होता. मी मान हलवली. त्या वेळी मी कशालाही मान हलवली असती.

गाडी गॅरेजमध्ये असतानाच बायकोने वडिलांना फोन करून या आठवड्यात यायला जमणार नाही, असं सांगितलं. वरच्या गावात आवाज नेहमीच तुटक जातो. मी शेजारीच पेपर वाचत होतो, म्हणून तिचं बोलणं मला आठवतं. ती म्हणाली, "यांचं काय सांगू, चढ आला की नुसती धाप. डॉक्टरांनी सगळं उघडलंय. मोठा बसवणार म्हणतात." आवाज तुटतो म्हणून फोन स्पीकरवर होता. सासरेबुवा लगेच म्हणाले, मी येतो, तुमच्याकडेच राहायला येतो, घर बंद करतो.

फोन ठेवून ती रडली. इतक्या वर्षांच्या विनवण्या फळाला आल्या, असं आम्हाला वाटलं. तिने मागची खोली रिकामी करायला घेतली आणि त्यांना आणायला मी एकटाच निघालो.

वर जाताना गाडी झकास चढली, हे मी मुद्दाम सांगतो, कारण कौतुकाची एवढीच जागा आहे. हीटरमुळे मी मात्र पार शिजलो. दारात पोचलो तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता आणि तोंड लालभडक झालं होतं. सासरेबुवांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला धरून खुर्चीत बसवलं. मी ट्रंक उचलायला गेलो तर ओरडले. शेजाऱ्याला बोलावून सामान गाडीत ठेवलं. जावयाचा एवढा मान ते प्रथमच ठेवत होते.

आम्ही उतरायला लागलो. दोन वळणं गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही गाडी चालवलेली चालते?"

"चालवल्याशिवाय नीट बसलाय का ते कळणार कसं?"

ते माझ्याकडे वळले. "टाके दुखतात?"

बंपरची एवढी चौकशी ऐकून मला भरून आलं. मी म्हणालो, "टाके मजबूत आहेत. तारेने शिवलंय. मध्ये थोडी फट राहिलीय, पण डॉक्टर म्हणाले, राहू दे, वारा लागेल."

"आणि जुना?"

"भंगारात दिला."

सासरेबुवांनी दाराची कडी घट्ट धरली आणि मला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. मग त्यांनी हात माझ्या छातीवर ठेवला आणि विचारलं, असं कोणतं हॉस्पिटल आहे जिथे माणसाचं काळीज भंगारात देतात?

खुलासा करायला मला थोडा वेळ लागला. बॉनेट उघडून जाळी दाखवली, बंपर दाखवला, हॉर्नही वाजवून दाखवला. ते दगडावर बसून सगळं ऐकत होते.

"म्हणजे तुम्ही ठणठणीत आहात," ते म्हणाले.

मी अपराध्यासारखा हो म्हणालो.

"इतकी वर्षं तुम्ही दोघं 'या, या' म्हणत होतात. पण तुम्हाला माझी गरज आहे, असं कधी वाटलं नव्हतं. या वेळी वाटलं, म्हणून निघालो." ते उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "गाडी वळवा."

मागची खोली डोळ्यांसमोर आली, तरी गाडी वळवली, हीटर लावला आणि चढावर जोर दिला. बॉनेटखाली फाट्कन आवाज झाला. नव्या जाळीचा मोठा पाइप निसटला होता. नुसता निसटला नव्हता, फाटला होता. गाडीने काळा धूर सोडला, जरा पुढे गेली आणि थांबली. पुन्हा प्रयत्न केला तर गाडी मागे सरकू लागली.

"वर जात नाही?" सासरेबुवांनी विचारलं.

"नाही. खाली मात्र जाईल."

त्यांनी वर घराकडे पाहिलं, खाली रस्त्याकडे पाहिलं, ट्रंककडे पाहिलं. मग दार उघडून पुन्हा गाडीत बसले आणि म्हणाले, "मग चला, खालीच जाऊ. गाडी दुरुस्त झाली की मी परत जाणार."

घरी बायकोने दार उघडलं. ते थेट आत गेले, नव्या चादरीवर बसले आणि तिने विचारायच्या आधीच चहा मागितला. रात्री मी तिला सगळी हकीकत सांगितली. ऐकून ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याआधी गॅरेजमध्ये गेली आणि डॉक्टरला सांगून आली की पाइपची घाई नाही.

तिने तेवढी तसदी घ्यायची गरज नव्हती. त्याच संध्याकाळी सासरेबुवा गाडीची चौकशी करायला स्वतःच गॅरेजमध्ये गेले, तेव्हापासून रोज जातात. तिथे त्यांना एक लोखंडी स्टूल मिळालं आहे. ते आणि डॉक्टर मिळून जाळ्यांची मापं घेतात, वाद घालतात आणि स्क्रूड्रायव्हर आळीपाळीने कानाला लावतात. पाइप कधीच आला आहे. पण काल जेवताना सासरेबुवांनी मला बजावलं, तुम्ही निवडीत घाई केलीत. असली वस्तू नीट पारखून घ्यावी लागते, वर्ष-दोन वर्षं तरी जातील.

बायकोने त्यांना आणखी भात वाढला. मी ऑफिसला चालत जातो.