ठीक म्हणजे काय?

आमच्या शेजारच्या पोतनीस काकांना चुकूनही “मी ठीक आहे” असं सांगू नये. ते लगेच चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, “कशावरून?”

इथे परदेशात, टाकानिनीत, आमच्या दोन घरांमध्ये एक कुंपण तेवढं आहे, त्यामुळे माझी सुटका नाही. मी मनुरेवाच्या एका क्लिनिकमध्ये नर्स आहे. दिवसभर पेशंटना तपासून घरी यावं, तर कुंपणापाशी काका मला तपासायला उभे. कोपऱ्यावरच्या डेअरीत ते दुधाच्या बाटलीवरची तारीख नखानं खरवडून बघतात. पुण्याहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला की आधी हुकूम सुटतो, “कॅमेरा फिरव.” तो बिचारा स्वयंपाकघर दाखवतो, गॅलरी दाखवतो. “आता मोरी.” मोरी बघितल्याशिवाय गप्पा सुरू होत नाहीत.

मध्ये चक्रीवादळानं पूर्व किनाऱ्याची पार दैना केली. मदतपथकांना आधी कुठे धावावं तेच कळेना, म्हणून विमानातून काढलेले फोटो एका वेबसाइटवर टाकले होते. कुणीही घरी बसून एकेक घर न्याहाळायचं आणि बटण दाबायचं: ‘ठीक’, ‘नुकसान’ किंवा ‘सांगता येत नाही’. बहुतेकांनी ‘ठीक’ म्हटलं की पथक तिथे सगळ्यात शेवटी जाणार. काका रिटायर्ड, एकटे, दिवसभर खिडकीतून कुरियरवाल्यांवर पाळत ठेवणार. म्हटलं, तेवढाच त्यांचा वेळ जाईल, आणि मीच त्यांना ती वेबसाइट उघडून दिली. कुठून बुद्धी झाली कोण जाणे!

“फुकट काम करून घेतायत, म्हणजे नक्की काहीतरी भानगड आहे,” असं म्हणून त्यांनी स्वतःचं नाव द्यायचं टाळलं. नाव आणि फोन नंबर माझा दिला. मग मन लावून बसले आणि एकदाही ‘ठीक’ दाबलं नाही.

साहजिकच फोन मला आला. “किया ओरा! तुम्ही हीप्स, अगदी ढीगभर काम केलंय,” तिथली समन्वयक गोड आवाजात म्हणाली, “पण तुमचं कुणाशीच जुळत नाहीये.” मी फोन स्पीकरवर टाकून काकांपुढे धरला. एका घराला बाकी सगळ्यांनी ‘ठीक’ म्हटलं होतं, काका एकटेच अडून बसले होते.

“छप्पर तर शाबूत दिसतंय ना?” तिनं विचारलं.

“छप्पर दिसतंय. माणूस कुठे दिसतोय? गाडी दारात, वाटेवर गाळ. कुणी बाहेर पडलेलं नाही.”

“आम्ही फोन केला होता. एक आजी राहतात तिथे. म्हणाल्या, स्वीट अ‍ॅज, सगळं ठीक आहे.”

“कॅमेरा फिरवायला सांगा त्यांना.”

“साधा फोन आहे हो त्यांचा.”

“मग माणूस पाठवा!”

नाव माझं, आणि या हट्टापायी खरोखर अडकलेल्या कुणाकडे मदतीची बोट उशिरा पोचली तर? मी काकांना चांगलंच झापलं. ते त्याच छपराकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. वाटेवर होतं म्हणून एक पथक तिथे डोकावलं होतं. छप्पर शाबूत, आत गुडघाभर पाणी, आणि आजी कुत्र्याला कुशीत घेऊन ओट्यावर बसलेल्या. फोनवर असं का सांगितलं, तर म्हणे इतरांचे जास्त हाल असतील.

मी धावतच जाऊन काकांना सांगितलं. वाटलं, आता ‘मी म्हटलं नव्हतं?’ ऐकावं लागणार. पण काका खुर्चीत नुसते बसून राहिले.

“माझी आईसुद्धा असंच म्हणाली होती,” ते म्हणाले. “कॉलवर मागे हिरवा पडदा दिसला. म्हटलं, हा कुठला? तर म्हणाली, नवे पडदे केलेत, इकडे सगळं ठीक आहे. मी म्हटलं, छान आहे रंग.” त्यांनी चष्मा काढला. “हॉस्पिटलचा होता गं. लांब राहणाऱ्याला कुणी खरं सांगत नाही.”

थोड्या वेळानं मी उठले, दाराशी जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, पायात सरकवल्या आणि सवयीनं विचारून गेले, “काका, तुम्ही ठीक आहात ना?”

“ठीक आहे. जा तू.”

मी मागे वळून बघितलं. काकांनी मान दुसरीकडे फिरवली होती. मी जॅन्डल्स काढल्या, परत आत गेले आणि दोघांचा चहा टाकला.