भिंतीचा लाल रंग कोणी घालवला

रंगवाल्याच्या जाहिरातीतली लाल भिंत पुन्हा फिकट पडली तेव्हा एडिटरने नेहमीप्रमाणे मेहुण्याकडे पाहिलं, आणि मेहुण्याने नेहमीप्रमाणे भाऊजींकडे.

दोघांची टेबलं एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून. एडिटर भाऊजी एका प्रोग्रॅममध्ये दृश्यं कापायचे-जोडायचे, मेहुणा दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये रंग सुधारायचा. एकमेकांचा प्रोग्रॅम शिकणं दोघांनाही कमीपणाचं वाटे. त्यामुळे व्हिडिओ या टेबलावरून त्या टेबलावर जायचा आणि तेवढ्याशा प्रवासात त्याचा रंग उडायचा. काळं राखाडी व्हायचं, आणि लाल भिंत आजारातून उठल्यासारखी दिसायची.

दुखणं तसं साधं होतं. रंग पूर्ण मर्यादेत ठेवायचे की आखूड मर्यादेत, हे सांगणारी एक खूण, म्हणजे एक सेटिंग, दोन्ही प्रोग्रॅममध्ये असते. दोन्हीकडे ती सारखी हवी, आणि इथे ती सारखी नव्हती. एव्हाना हे दोघांनाही कळलं होतं. पण बोलणार कोण? जो आधी बोलेल त्याचीच चूक ठरणार होती.

त्यात मागच्या आठवड्यात घाईघाईत ही फिकट प्रतच रंगवाल्याला गेली होती. त्याचा फोन नाही, काही नाही. माणूस भडकला असणार हे उघड होतं.

खोली एडिटरच्या बायकोच्या नावावर होती. उद्या सकाळी रंगवाला येईल तेव्हा भिंत लाल दिसली नाही तर खोली भाड्याने द्यायची, असं तिने जेवताना शांतपणे जाहीर केलं. "आणि तुम्ही दोघं नोकऱ्या शोधा. वेगवेगळ्या ऑफिसांत," तिने नवऱ्याला आणि भावाला एकाच दमात सांगितलं.

जुन्या नोकरीतल्या साहेबांच्या तावडीतून एडिटर कसाबसा सुटला होता, आणि पुन्हा कुणाला 'हो सर' म्हणण्याची त्याची अजिबात तयारी नव्हती. मेहुणा आंघोळीला गेल्याबरोबर त्याने गुपचूप आपली खूण बदलली. मग तो दूध आणायला बाहेर पडला, आणि मेहुण्याने तितक्याच गुपचूप स्वतःची बदलली.

आता भिंत काळपट झाली. तिच्यासमोर उभी असलेली हसरी मुलगी संकटात सापडल्यासारखी वाटू लागली. दोघांनीही मान हलवली, हवापाण्याच्या चार गोष्टी केल्या आणि संधी साधून आपापली खूण परत जागेवर आणली. भिंत पुन्हा फिकट.

दाराशी उभं राहून बायको हे सगळं बघत होती. तिने भावाला दोन्ही हात डोक्यावर ठेवून कोपऱ्यात उभं केलं. "आता फक्त तुम्ही बदला," ती नवऱ्याला म्हणाली. त्याने बदललं आणि भिंत लालभडक उजळली. इतक्या साध्या गोष्टीसाठी महिना घालवला याची दोघांनाही लाज वाटली, पण अगदी थोडी.

सकाळी रंगवाला आला. बुटका, घामाघूम, हातात हेल्मेट. त्याने जाहिरात पाहिली आणि त्याचा चेहरा पडला.

"हा कुठला रंग?"

"तुमचाच," एडिटर म्हणाला. "शूटिंगच्या दिवशी होता तसाच."

"होता," रंगवाला म्हणाला आणि खुर्चीत बसला.

मग त्याने खरं काय ते सांगितलं. ती भिंत त्याच्या दुकानाची होती. शूटिंगनंतर दोन-तीन आठवडे ऊन लागलं आणि तिचा रंग पार उडाला. जाहिरात दाखवायचा टीव्ही नेमका त्याच भिंतीवर लागणार होता, आणि जाहिरातीत खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'वर्षानुवर्षं जसाच्या तसा'. आधी आलेली प्रत बघून त्याला भरून आलं होतं. ही माणसं आपण होऊन दुकानात आली असतील, भिंतीची दशा पाहिली असेल, आणि आपल्याला न दुखवता रंग जुळवून दिला असेल, असं त्याला वाटलं होतं.

"तोच फिकट रंग मला हवाय," तो म्हणाला. "आणि ज्याने तो केला, त्यालाच माझं पुढचं सगळं काम."

बायकोने एकदा नवऱ्याकडे आणि एकदा भावाकडे पाहिलं.

एडिटरने घसा साफ केला. "ती खूण मीच तशी ठेवली होती. मुद्दाम."

मेहुण्याने सावकाश खुर्ची वळवली. "उगाच काय, भाऊजी. रंग माझ्याकडे आल्यावर उडायचा. महिनाभर तुम्हीच तर घरभर सांगत होतात. ताई, तूच सांग."