केसोबा अस्वलाचं दोन कळांचं उत्तर

एका जंगलात एक अस्वल राहत होतं. कुठल्या जंगलात ते विचारायचं नाही. मागे एकदा सांगितलं, तर सगळी मुलं तिकडे मध खायला निघून गेली आणि उरलेली गोष्ट मला एकट्यालाच ऐकावी लागली.

तर बाळांनो, अस्वल. नाव केसोबा. वय लग्नाचं, गुहा स्वतःची, स्वभाव लोण्यासारखा. अशा अस्वलाचं लग्न का होत नाही, असं अख्खं जंगल विचारायचं. अख्ख्या जंगलाला दुसरं काम नव्हतं.

एका दशमीला भारद्वाज पक्षी टपाल घेऊन आला. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात. पत्र नदीपलीकडच्या मोहनाचं होतं. मोहना म्हणजे तीच अस्वलीण, जिला केसोबाने जत्रेत मोहाची फुलं दिली होती आणि मग लाजून झाडावर चढून बसला होता, तो तिसऱ्या दिवशी उतरला.

पत्रात लिहिलं होतं, ‘केसोबा यांस. बाबा घाई करताहेत. दुसरं एक स्थळ आलंय. माझं मन तुमच्याकडे आहे. तुमचा होकार असेल तर पौर्णिमेच्या आत कळवा. एक शब्द पुरे.’ आणि अगदी खाली, कोपऱ्यात, ‘कृ. मा. प.’

म्हणजे कृपया मागे पाहा. हे अस्वलालासुद्धा ठाऊक असतं. पण केसोबाला इतका आनंद झाला, की तो आधी चार कोलांट्या मारून आला. मागचं मागाहून बघू, असं त्याने ठरवलं.

उत्तर एका शब्दाचं. ‘हो’. ह आणि त्याला ओ. दोन कळा दाबायच्या. आता तुम्ही म्हणाल, टाइप कशाला, हाताने लिहावं की. मलाही मधेच बोलणारी मुलं फार आवडतात, पण ऐका. अस्वलं लिहितात नखाने, झाडाच्या सालीवर. आणि अस्वलांच्या रीतीप्रमाणे सालीवर ओरखडा म्हणजे ‘हे झाड माझं, चालते व्हा.’ केसोबाने एका दिवाळीला आत्याला सालीवर शुभेच्छा लिहून पाठवल्या होत्या. आत्या त्याच संध्याकाळी बिऱ्हाड घेऊन गेली. तेव्हापासून केसोबाने कानाला खडा लावला होता, की महत्त्वाचं काय ते टाइपच करायचं.

गुहेत संगणक होता. पण जुन्या कळफलकावर मध सांडला होता. ‘ह’ आणि त्याच्या आजूबाजूच्या चार कळा अशा चिकटल्या होत्या, की एकीला हात लावला तर पाचही जणी खाली जायच्या आणि वर यायचं नाव घ्यायच्या नाहीत.

काही हरकत नाही, केसोबा म्हणाला. पाच दिवस हातात आहेत. नवा कळफलक आणू.

एकादशीला तो ठोकळेशेठच्या दुकानात गेला. ठोकळेशेठ म्हणजे सुतारपक्षी. कळफलक विकायला याच्याइतका लायक प्राणी जंगलात दुसरा नाही. त्याने तीन कळफलक मांडले. एकात निळ्या कळा, त्या दाबल्या की टक्क वाजतात. एकात लाल, त्या गुपचूप जातात. एकात तपकिरी, त्या धड वाजत नाहीत आणि धड गप्पही बसत नाहीत. ठोकळेशेठने चोचीने तिन्ही वाजवून दाखवले. निळा वाजवताना त्याचे डोळेच मिटले.

केसोबाने निळ्यावर बोट ठेवलं. टक्क. अंगावर शहारा आला. मग लाल. मग तपकिरी. मग पुन्हा निळा. दुपार झाली. दुकानात जमलेले ससे दोन तट पाडून भांडायला लागले. निळेवाले लालवाल्यांच्या हातचं पाणी पीत नाहीत, हे केसोबाला त्या दिवशी कळलं. सूर्य मावळताना एक मडकंभर मध देऊन त्याने निळा घेतला. कळांखाली सात रंगांचे दिवे होते. केसोबा घरी गेला तो उड्या मारतच.

द्वादशीला त्याने कळफलक जोडला. दिवे लागले. त्याने ‘ह’ दाबला. पडद्यावर इंग्रजी यू उमटला. पुन्हा दाबला. पुन्हा यू. मोहनाला यू पाठवून कसं चालेल?

आता त्या जंगलातल्या सगळ्या संगणकांवर लिनक्स नावाचं, संगणक चालवणारं सॉफ्टवेअर होतं. ते बसवलं होतं साळिंदर पंतोजींनी. पंतोजींना कुणी चुकून ‘लिनक्स फुकट असतं ना हो’ असं म्हटलं, की अंगावरचे काटे ताठ व्हायचे. फुकट नव्हे, स्वतंत्र, असं ते सांगायचे आणि पुढचे दोन तास सांगतच राहायचे. केसोबाने त्यांनाच बोलावलं.

खरं सांगू? काम चिमूटभर होतं. सेटिंगमध्ये जायचं, भाषांच्या यादीत मराठी निवडायची, झालं. माझ्या पुतणीने मला आमटीला फोडणी देता देता करून दिलं होतं. पण पंतोजी म्हणाले की सेटिंगमध्ये जाऊन टिचक्या मारणं हे माकडांचं काम. जाणता प्राणी काळ्या पडद्यावर आज्ञा लिहितो. केसोबाला जाणता प्राणी व्हायचं होतं. कुणाला नसतं?

दोघांनी काळा पडदा उघडला. पंतोजी सांगत गेले, केसोबा यंत्राच्या पोटातल्या फायलीत लिहीत गेला. संध्याकाळी संगणक बंद करून चालू केला, तर कळफलक पूर्ण मुका. फायलीत एक ओळ चुकली होती. ती दुरुस्त करायला कळफलक लागत होता. आणि तोच तर मुका. पंतोजी खूश झाले. आता खरी मजा आहे, ते म्हणाले.

त्रयोदशीला ठरलं, की लिनक्स पहिल्यापासून नव्याने बसवायचं. कुठलं, यावर पंतोजींनी सूर्य डोक्यावर येईपर्यंत विचार केला, कारण लिनक्सचे प्रकार जंगलातल्या मुंग्यांपेक्षा थोडेच कमी आहेत. एक बसवलं. पंतोजींना त्याच्या खिडक्यांचे कोपरे आवडले नाहीत. चतुर्दशीला दुसरं बसवलं.

बसवताना यंत्र प्रश्न विचारी. जुनं पुसू का? हो. नक्की? हो. पुढे जाऊ? हो. परत एकदा विचारतो, नक्की? हो, बाबा, हो. केसोबा टक्क टक्क होकार देत होता आणि आनंदाने घामाघूम झाला होता. दोन दिवसांत त्याने यंत्राला चाळीसदा हो म्हटलं. मोहनाला एकदाही नाही.

भारद्वाज दारात उभा होता. तो चार दिवस उभाच होता, बिचारा. त्याने घसा खाकरला.

“केसोबा, मी नदीपलीकडेच निघालोय. हो आहे ना? मी तोंडी सांगतो तिला.”

“तोंडी?” केसोबा दुखावला. “आयुष्याचा प्रश्न आहे रे. तो असा तोंडी सांगतात होय?”

पौर्णिमा उजाडली. आणि बाळांनो, दुपारी ‘ह’ उमटला. खरा, मराठी, गुबगुबीत ‘ह’. केसोबाने आनंदाने कळ दाबूनच धरली. अख्खा पडदा हहहहहहह झाला आणि ते वाचून केसोबा आणि पंतोजी दोघे पोट धरून हसले. पंतोजींना मिठी मारायचा मोह केसोबाने आवरला, तेवढी अक्कल त्याला होती.

आता दुसरी कळ दाबणार, तर गुहेची जमीन उंचसखल. कळफलक डुगडुगायला लागला. एका कोपऱ्याखाली काहीतरी घडी करून घालायला हवं होतं. जवळ मोहनाचं पत्र होतं. जाड कागद, चांगल्या घरचा. बरोब्बर बसला.

मग पंतोजी म्हणाले, मराठीतून इंग्रजीत जायला एक कळ नेमून टाकू. नेमली. मग दिव्यांचे रंग. मोहनाला कुठला आवडेल, यावर केसोबा फार वेळ, फार प्रेमाने विचार करत बसला. शेवटी मोहाच्या फुलांचा फिका पिवळा ठरला. मग अक्षराचं वळण निवडलं. चंद्र वर आला तेव्हा केसोबाने श्वास रोखून टाइप केलं, ‘हो’. इतका सुंदर ‘हो’ त्या जंगलात त्याआधी कुणी बघितला नव्हता. त्याचे डोळे भरून आले. पण छपाईयंत्र नव्या लिनक्सला ओळखायला तयार नव्हतं, पंतोजींनाही नाही, त्यात सकाळ झाली.

प्रतिपदेला भारद्वाज पत्र घेऊन उडाला आणि दुपारी उत्तर घेऊन आला.

‘केसोबा यांस. पत्र पोचलं. अक्षर फार सुबक आहे. काल संध्याकाळपर्यंत मी नदीवर वाट पाहिली. पलीकडच्या डोंगरावरच्या अस्वलाने आमच्या दारच्या ऐनाच्या झाडावर नखाने हो ओरखडलं. बाबांनी सुपारी फोडली. एक विनंती. तुमच्याकडे चांगला कळफलक आहे असं भारद्वाजाकडून कळलं. आमची पत्रिका टाइप करून द्याल का?’

केसोबाने पत्र खाली ठेवलं. मग त्याने नाक पुसलं आणि कळफलकासमोर बसला. पत्रिका उत्तम झाली. ज्ञ, श्र, सगळं जिथल्या तिथे. कळा टक्क टक्क वाजत होत्या आणि खरं सांगतो, रडू येत असूनही त्याला वाजवताना बरं वाटत होतं.

मोहनाच्या वडलांचं पत्राच्या डोक्यावर छापलेलं नाव कसं लिहायचं ते बघायला त्याने पहिलं पत्र कळफलकाखालून काढलं. घडी उलगडली. यावेळी मागची बाजू वर आली.

तिथे लिहिलं होतं, ‘टाइप करत बसू नका. आत्याबाईंचा किस्सा मला माहीत आहे. नखाने ओरखडलंत तरी चालेल. मीही अस्वलच आहे.’

केसोबाने ते दोनदा वाचलं. कळफलक डुगडुगायला लागला होता. पत्रिका अर्धी राहिली होती. त्याने पत्राची पुन्हा घडी केली, या खेपेला अगदी हळू, आणि कोपऱ्याखाली सरकवली.

तात्पर्य: मुलांनो, कुणी मनापासून काही विचारलं, तर आधी कळफलक निवडावा, तोही निळाच. उत्तराचं काय, ते कुणी ना कुणी देतंच. पण ज्याचा कळफलक चांगला, त्याला जंगलातली सगळी लग्नं टाइप करायला मिळतात. माझ्याकडे असे तीन आहेत. पत्रिका असतील तर आणून द्या, मी घरी एकटाच असतो.