एक माणूस, एक ओळ

आमच्या शेजारचे पोतनीसकाका डेटाबेसला हात लावण्यापूर्वी चपला काढतात आणि डोक्यावर काळी टोपी चढवतात. थट्टा नाही. खाली सतरंजी, समोर लॅपटॉप, डोक्यावर टोपी. "उघड्या डोक्यानं दरबारात जात नाहीत, सूनबाई," हे त्यांचं स्पष्टीकरण. त्यांचे पणजोबा देवासच्या दरबारात कारकून होते. दरबार उठून जमाना झाला, पण काकांना अजून कुणी कळवलेलं नाही.

बिजली विभागातून रिटायर झाल्यावर लोक कुंड्या लावतात, गुडघे दुखवून घेतात. काकांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहून पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकली. मग देवास आणि धारकडच्या मराठी घरांची सूची ठेवणारं एक ॲप लिहिलं आणि ते आमच्या मराठी मंडळाला भेट दिलं. मंडळानं ते मागितलं नव्हतं. पण काकांना नाही म्हणायचं तर अर्धा दिवस मोकळा लागतो, म्हणून घेतलं. तेव्हापासून ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या घरी सकाळी आठला मोबाईलवर शुभेच्छा येतात, आणि त्या कुणी वाचल्या नाहीत तर काका नऊला फोन करतात.

माझी त्यांची ओळख झाली ती मी सूचीत दोनदा आहे हे सांगायला ते आले तेव्हा. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. दारात उभे राहून म्हणाले, "तुम्ही सतवासच्या मुक्ता का देवासच्या मैथिली?"

म्हटलं, "दोन्ही."

"असं नाही चालत. एक माणूस, एक ओळ. पक्का नियम आहे."

माझा नाइलाज होता. आमच्याकडे माळव्यात अजून लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. महाराष्ट्रात हे बरंचसं सुटलं म्हणतात. आम्ही मात्र पूर्वजांना तिथून निघताना बांधून दिलेली एकेक रीत अजून जपून वापरतो. त्यामुळे काकांच्या सूचीत प्रत्येक सासुरवाशीण दोनदा होती, माहेरच्या घरात मुलगी म्हणून एका नावानं आणि सासरच्या घरात सून म्हणून दुसऱ्या. समाजाची संख्या अचानक वाढलेली पाहून मंडळाच्या अध्यक्षांनी तर भाषणही केलं होतं.

मी इंदूरला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते हे त्याच भेटीत काकांना कळलं, आणि माझे रविवार संपले.

आता थोडं तांत्रिक सांगते, सोसून घ्या. पायथनमध्ये आपण 'घर', 'माणूस' अशा शब्दांत बोलतो. डेटाबेसला फक्त ओळी आणि रकाने कळतात. त्याची भाषाच वेगळी, एसक्यूएल. या दोघांच्या मध्ये उभा राहून जो भाषांतर करतो त्याला ओआरएम म्हणतात. काका त्याला दिवाणजी म्हणतात. "महाराजांशी रयत थेट बोलत नाही, सूनबाई. दिवाणजींना सांगायचं. आणि दिवाणजी आत जाऊन काय बोलले, हे तपासत राहायचं."

हे तपासणं म्हणजे काकांचा खरा छंद. ओआरएममध्ये एक बटण असतं. ते चालू केलं की तो डेटाबेसला पाठवत असलेलं प्रत्येक वाक्य पडद्यावर उमटतं. काका ते बटण चालू करून सगळं मोठ्यानं वाचतात, खणखणीत आवाजात, टोपी सावरत. पलीकडच्या गल्लीत लोकांना वाटतं पोथी लावली आहे. एकदा घरांची यादी उघडायला चहा होऊन निवेपर्यंत वेळ लागायचा. काकांनी वाचून वाचून पकडलं, की दिवाणजी एकदा घरांची यादी आणायला आत जातात आणि मग प्रत्येक घराच्या माणसांसाठी पुन्हा वेगळी खेप मारतात. चारशे घरं, चारशे एक खेपा. "अहो दिवाणजी," काका लॅपटॉपवर ओरडले, "एकदाच काय ते विचारून या ना! भत्ता मिळतो का खेपेचा?" मी एक ओळ बदलून दिली, माणसं घरांबरोबरच एका खेपेत आली आणि यादी चटकन उघडायला लागली. काकांनी दिवाणजींना माफ केलं. मला धन्यवाद द्यायचे राहून गेले.

मग त्यांनी दुबार बायका जोडायची मोहीम काढली. नुसता प्रोग्रॅम लिहून भागणार नव्हतं, कारण कुठली सुमन म्हणजे कुठली वैजयंती हे फक्त त्या सुमनलाच ठाऊक. म्हणून काका बसनं टोंकखुर्द, अमझेरा, धार फिरले. घरोघरी चहा पिऊन म्हाताऱ्या बायकांना विचारत, "माहेरचं नाव?" अमझेऱ्याच्या एक आजी म्हणे बराच वेळ आठवत बसल्या, मग सापडल्यावर इतक्या खूष झाल्या की तिन्ही सुनांना हाक मारून ते नाव ऐकवलं. काका हे सांगताना हसले नाहीत. मला तेव्हा वाटलं त्यांना विनोद कळला नाही.

तेवढ्यात मंडळाची छापील सूची काढायचं ठरलं, आणि सचिव माझ्या दारात आले.

"देखो भाभीजी, काकांचा मान आहे. पण धारहून त्यांच्याच मेव्हण्याच्या मुलाचा फोन आला. म्हणतो, 'भिया, आत्याला जाऊन तीन वर्षं झाली, और आपका ॲप हर साल बधाई भेज रहा है!' ये क्या तमाशा है? रविवार संध्याकाळपर्यंत एकही दुबार नाव नको, नाही तर ॲप काकांकडून काढून इंदूरच्या कंपनीला देऊ."

ती आत्या म्हणजे काकांची बायको, मालतीकाकू. त्या गेल्यापासून काकांच्या घरातून एसक्यूएलशिवाय कुठलाच आवाज येत नाही. ते ॲपही गेलं असतं, तर उरली असती टोपी.

मला खात्री होती की काकांनी नोंद बदलली आणि ती कायम करायला विसरले. असं नवशिक्यांचं होतं. मी माझ्या लॅपटॉपवर त्यांचा प्रोग्रॅम उघडला, ते बटण चालू केलं आणि मनातल्या मनात वाचलं. दिवाणजी अगदी प्रामाणिक निघाले. मालती पोतनीस, देवास, दिवंगत. तिला शुभेच्छा जातच नव्हत्या. जात होत्या त्या धारच्या कुसुमला. तीच जन्मतारीख, हयात. जोडायच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ होती, की या क्रमांकाची नोंद सोडून द्यावी. वर मराठीत टीप होती, 'हिला हात लावू नये.'

रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेले. काका सतरंजीवर होते. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी ती ओळ पाहिली आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना तिथे उघड्या डोक्यानं पाहिलं.

"विचारायला गेलो होतो ना धारला," ते म्हणाले. "सासूबाई नव्वदीच्या आहेत. त्यांना म्हटलं, कुसुम आणि मालती एकच, तर जोडून टाकतो. त्या म्हणाल्या, 'जावईबापू, मालती तुमची. ती गेली, तुम्ही खुशाल लिहा. आमच्या कुसुमला कशाला मारता?'"

मी सतरंजीच्या कडेला बसले.

"दरवर्षी तो मेसेज नातवाकडून वाचून घेतात आणि शिरा करायला लावतात. पोरगा वैतागतो, त्याचंही चूक नाही." काका टोपीची कड चाचपत राहिले. "ताटात ते नाव मीच लिहिलं, सूनबाई. बेचाळीस वर्षं संसार केला. तुला आवडलं का, एवढं कधी विचारलं नाही."

मला मुक्ता म्हणणारं आता एकच माणूस उरलंय, सतवासला माझे बाबा. तेही फोनवर.

"नियम नियम आहे," काका म्हणाले. "जोडून टाका. माझ्या हातून होत नाही."

मी जोडलं नाही. एक नवा रकाना घातला, 'छापू नये', आणि कुसुमच्या ओळीवर खूण केली. तिच्यापुढचा भाच्याचा मोबाईल नंबर काढून काकांचा टाकला. संध्याकाळी सचिवांच्या हाती यादी दिली. एकही नाव दुबार नव्हतं. सचिवांनी ती अध्यक्षांना स्वतःचं कर्तृत्व म्हणून दाखवली आणि ॲप काकांकडेच राहिलं. काका मात्र मला म्हणाले, "रकान्याचं नाव जरा बरं ठेवायचं होतं. शेजारच्या आहात म्हणून चालवून घेतो."

संक्रांतीनंतर एका सकाळी मी ऑफिसला निघाले तर काका फाटकाशी उभे. टोपी होती, आणि पायात चपलाही होत्या. हातात मोबाईल आणि काखेला पिशवी.

"दिवाणजींचा निरोप आलाय," ते म्हणाले. "धारची बस पकडतो. सासूबाईंना वाचून दाखवायचाय."

"काय आलाय?"

त्यांनी चष्मा लावला. आज खणखणीत आवाज नव्हता. "कुसुम, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा." मग ते नाव त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं, नुसतंच.

मी सांभाळून जा म्हटलं. ते चार पावलं गेले, थांबले आणि वळले.

"येतो हं, मुक्ता."