दळवीकाका आणि परत गेलेली सुरमई

आमच्या शेजारचे दळवीकाका हॉटेलात गेले की पहिली डिश परत पाठवायचे. चांगली असली तरी. "पहिल्या स्थळाला लगेच हो म्हणायचं नसतं," असं त्यांचं म्हणणं.

वसईत स्टेशनजवळच्या खानावळीत ते शिरले की मालक गल्ला सोडून उठायचा.

"आज काय झालं?"

"मीठ झकास आहे. त्यात आमटी घालायची राहिली."

मग मीठ, कोकम आणि मालकाचे वाडवडील असा वाद रंगायचा आणि शेवटी दोघं समोरासमोर बसून चहा प्यायचे. रिटायर झाल्यापासून काकांचा हा नेमच होता.

राजोडीला समुद्राजवळ नारळाच्या वाडीत नवं हॉटेल निघालं. माझी बदली रद्द झाली होती, त्या आनंदात मी नंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, आणि काकांना तिकडे जेवायला नेलं. जागा अशी की बघत राहावं. माडांना टांगलेले कंदील, वेताच्या खुर्च्या, पायाखाली वाळू. नंदा म्हणाली, "इथे नुसतं बसलं तरी पोट भरेल." त्यातलं नुसतं बसणं इतकं शब्दशः खरं होईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

सुरमई आतून कच्ची होती. सोलकढी म्हणजे गुलाबी पाणी. भाकरी मोडताना टेबल हललं. काकांनी बाह्या सरसावल्या. एकाच ताटात इतक्या तक्रारी त्यांना आयुष्यात कधी मिळाल्या नव्हत्या.

टाय लावलेला तरुण मॅनेजर आला.

"हिला तवा नुसता दाखवला होता का?" काकांनी विचारलं.

"सॉरी सर. बदलून देतो."

"मसालाही शिळा आहे."

"असेल सर."

"अहो, तुम्हाला राग येत नाही का?"

"नाही सर. तसं ट्रेनिंग असतं."

दुसरी सुरमई पहिलीची सख्खी बहीण निघाली. तीही तितक्याच अदबीने परत गेली. काकांनी सरसावलेल्या बाह्या खाली केल्या. "भांडायला माणूसच नाही रे इथे," म्हणाले आणि हात धुवायला उठले, ते बराच वेळ आलेच नाहीत.

मी शोधत मागे गेलो. स्वयंपाकघराच्या दाराशी एका उलट्या क्रेटवर काका बसले होते. पुढ्यात भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण. समोर कमरेवर हात ठेवून स्वयंपाकाच्या मावशी उभ्या. बाई गावातलीच.

"आले माझ्याशी भांडायला," त्या मला म्हणाल्या. "मी म्हटलं, उपाशी मानसाशी मी भांडत नाय. आधी जेवा. माझ्या डब्यातलं दिलं."

"मावशी, चिंच जरा जास्त..." काकांनी सुरुवात केली.

"दुसऱ्याच्या डब्यातलं खाता नि वर नावं ठेवता? गप जेवा. पानी पायजे तर सांगा."

काका खरोखरच गप जेवू लागले. मी उभाच होतो. जरा वेळाने मान वर न करता ते म्हणाले, "तुझी काकू गेल्यापासून मला कुणी ओरडलंच नव्हतं रे."

मावशींनी न विचारता त्यांना आणखी भात वाढला.

मी परत येऊन टेबलाशी बसलो. नंदा म्हणाली, "निघायचं ना?"

"थांबू थोडं," मी म्हटलं. "काका जेवतायत."