सदर वस्तू कोणीही पाहू नये

निमगाव सावा येथे एका बाईच्या गुडघेदुखीतून आंतरराष्ट्रीय प्रश्न उभा राहिला. तो हाताळायला गावात माझ्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता, हे मी अत्यंत नम्रपणे नमूद करतो.

झालं असं, की आमच्या गावच्या ज्योत्स्नाताईंनी कांद्याच्या खुरपणीत गुडघे वाचावेत म्हणून बसायची एक बैठक बनवली. नवरा रुपेश वेल्डिंगची कामं घेतो. त्याच्या शेडचं दार लावून दोघं वर्षभर खटपट करत होते. पालथ्या परातीएवढी गोल वस्तू, खालून तीन पाकळ्या, त्यामुळे ओल्या वाफ्यात रुतत नाही. पट्टे मांड्यांना अडकवायचे, की बाई उठली तर बैठकही तिच्याबरोबर उठते. सासू केशरबाई तिला 'टेकू' म्हणायच्या. समितीच्या कागदांत तिला 'सदर वस्तू' म्हणतात.

पुण्याच्या वकील मोहिनी मॅडमनी ज्योत्स्नाताईंना फोनवर सगळं समजावलं होतं. डिझाइनची नोंदणी केली, की त्या आकाराची नक्कल कुणाला करता येत नाही. आधी कोलकात्याच्या डिझाइन कार्यालयात अर्ज, मग सहा महिन्यांच्या आत परदेशात. अट एकच, अर्ज होईपर्यंत वस्तू कुणाला दाखवायची नाही. जगाने एकदा पाहिली की ती नवी राहत नाही, आणि नवी नसेल तर नोंदणी नाही. नोंदणी झाली, की गावातल्या बायकांना हाताशी घेऊन ताई स्वतःचा कारखाना काढणार होत्या. दुसऱ्याच्या वाफ्यात रोजाने वाकणं त्यांना सोडायचं होतं.

माझ्याकडे त्या फक्त इंटरनेट मागायला आल्या होत्या.

"भाऊ, तुमच्याकडं वायफाय हाय. दहा मिनिटं कॉम्प्युटर द्या, अर्ज भरून जाते."

"दहा मिनिटं?" मी उडालोच. "ताई, आंतरराष्ट्रीय काम आहे हे! ते काय वीजबिल आहे, आलं मनात नि भरलं? नियोजन लागतं."

त्याच संध्याकाळी 'आंतरराष्ट्रीय औद्योगिक डिझाइन नोंदणी व संरक्षण नियोजन समिती' स्थापन झाली. अध्यक्ष मी, बाळासाहेब. गेणभाऊंचा नातू जर्मनीत, म्हणून ते उपाध्यक्ष. संपतचा मेव्हणा दुबईत, म्हणून तो सचिव. बाकीचे सहा सदस्य नाराज होऊ नयेत म्हणून घेतले. ज्योत्स्नाताईंना घेता आलं नाही, कारण त्या लाभार्थी होत्या. लाभार्थ्याने निर्णयात बसणं नियमाला धरून नाही.

पहिल्या सभेत सदर वस्तू आणि तिचा साचा समितीने संरक्षणात घेतला, म्हणजे माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग कोणत्या देशात नोंदणी करायची, यावर चर्चा झाली. संपत दुबईवरून हलेना.

"दुबईत कांदा लावत्यात का?" ज्योत्स्नाताईंनी दारातून विचारलं.

"लावत न्हाईत, म्हणूनच तर तिथं नक्कल व्हायची भीती न्हाई!" संपत म्हणाला. हा मुद्दा सर्वानुमते मान्य झाला.

दुसऱ्या सभेचा विषय होता गोपनीयता. गेणभाऊंनी तंबाखूची पिंक टाकली आणि मुद्दा मांडला.

"गुप्त ठेवायचं, कबूल. पन नेमकं काय गुप्त ठेवायचं, हे गावाला कळाया नको का राव? उद्या कुनी चुकून बघितलं, तर त्याला काय म्हाईत, का हीच ती?"

बिनतोड होतं. गुपित कोणतं हे लोकांना ठाऊकच नसेल, तर ते पाळणार तरी कसं? म्हणून हमरस्त्याच्या फाट्यावर भव्य फ्लेक्स लावण्याचं ठरलं. त्यावर सदर वस्तूचे पुढून, मागून आणि खालून असे रंगीत फोटो टाकले. कुणी अनवधानाने तशीच वस्तू बनवू नये, म्हणून मापंही दिली. वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'सदर वस्तू कोणीही पाहू नये'. खाली आम्हा नऊ जणांचे चेहरे, माझा मध्यभागी, गॉगलसह. ज्योत्स्नाताईंचा फोटो जागेअभावी घेता आला नाही. तोच फ्लेक्स आम्ही व्हॉट्सअॅपवरही टाकला, आणि 'अत्यंत गोपनीय, जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा' अशी तळटीप दिली.

ज्योत्स्नाताई खुरपं हातात घेऊनच माझ्या अंगणात आल्या. गावात काही शिस्त राहिलेली नाही.

"भाऊ, काय केलंत ह्ये! फाट्यावर एसटी थांबती, सगळं गाव खाली उतरून बघतंय!"

"वर स्पष्ट लिहिलंय ना, पाहू नये म्हणून? तरी पाहिलं तर चूक पाहणाऱ्याची."

"तो काढा आधी. न्हाईतर माझी वस्तू मला द्या. मी नारायणगावला जाऊन भरते अर्ज."

"संरक्षणातली वस्तू नोंदणीआधी बाहेर काढता येत नाही, तसा ठराव आहे. आणि नोंदणीचं बटण प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते दाबायचं ठरलंय. त्यांची तारीख मिळू द्या, हो. घाई कशाची?"

पाहुण्यांची तारीख मिळायला वेळ लागला. अखेर मंडप घातला, कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला. मोहिनी मॅडमनाही मी सन्मानाने बोलावलं होतं. फाट्यावरून येतानाच त्यांचा चेहरा उतरलेला दिसत होता.

"तो फ्लेक्स कधी लावलात?"

"लई दिवस झाले मॅडम, तरी रंग बघा, जरा बी उडला न्हाई!" संपत अभिमानाने म्हणाला.

मॅडम ज्योत्स्नाताईंशेजारी खुर्ची ओढून बसल्या. "ताई, आता अर्ज करून काही उपयोग नाही. सगळ्यांनी पाहिलंय. हा आकार आता कुणीही बनवू शकतं."

ज्योत्स्नाताई उठल्या. "भाऊ, चोरानं चोरलं असतं तर त्याला चार शिव्या तरी दिल्या असत्या. तुमी तर माझ्या पोटावर पाय देऊन वर हार घालून घेताय! वर्षभर राबले व्हते हो मी!"

त्यांच्या भावनांचा आम्ही आदर केला आणि पुढचा सत्कार घेतला. मॅडमनी शाल नाकारली. ती गेणभाऊंना दिली.

सदर वस्तू आणि साचा अजूनही माझ्या कपाटात आहेत. नोंदणी झाल्याशिवाय ते बाहेर काढता येत नाहीत, आणि नोंदणी आता कधीच होणार नाही, त्यामुळे त्यांचं संरक्षण कायमस्वरूपी झालं आहे. ज्योत्स्नाताई पूर्वीसारख्याच रोजाने खुरपायला जातात. परवा त्यांच्या गुडघ्याला पट्टा पाहिला, विकतचा होता.

आंतरराष्ट्रीय उद्दिष्ट मात्र आम्ही गाठलंच. परदेशातल्या कुठल्याशा कारखान्याने आमच्या फ्लेक्सवरून सदर वस्तू बनवून जगभर विकायला काढली. नक्कल इतकी तंतोतंत, की फ्लेक्सवर होतं ते सगळं त्यांनी डिझाइन समजून उतरवलं. प्रत्येक बैठकीवर आमचे नऊ चेहरे छापलेले असतात, मध्यभागी मी, गॉगलसह. एकही पैसा न भरता समितीचं नाव सातासमुद्रापार गेलं, याबद्दल अभिनंदनाचा ठराव झाला आहे.

आता तुम्ही हसताय. हसा. पण बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी मोबाइलवरून मागवलेली ती बैठक तुमच्याकडेही आली आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. स्वस्तात मिळाली म्हणून शेजारणीलाही लिंक पाठवलीत. तुम्ही रोज सकाळी आमच्या तोंडावर बसता, त्याबद्दलही आमची तक्रार नाही. वर पाचपैकी पाच तारे देऊन 'डिझाइन फारच सुंदर' असं लिहिलंत, त्याबद्दल तर समिती आपली ऋणी आहे. कुणाचं डिझाइन, हे तुम्हीही विचारलं नाहीत. त्यामुळे समितीत एक जागा रिकामी झाली, की आधी तुमचाच विचार करू.